पाहुणा वेगळा, मुक्कामाचं गिऱ्हाईक वेगळं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांनी तो गटाच्या बैठकीत वाचून घ्यावा आणि शेवटच्या ठरावावर आपलं मत कळवावं.)



मला भाषण येत नाही. सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरून झाला आणि आपल्यातल्या आम्ही नऊ जणी चार दिवस सह्याद्रीत पायी फिरून आलो. तिथं काय बघितलं ते सांगा म्हणून ताईंनी उभं केलंय. बघितलं तेवढं सांगते. शेवटी एक ठराव मांडणार आहे, म्हणून मधीच कुणी उठू नका.

जायच्या आधी घरोघरी एकच प्रश्न. "डोंगरात फिरायला? बायांचं काय काम तिथं?" माझ्या सासूबाई म्हणल्या, "पाय मोकळे करायचे तर शेतात जा की." मी म्हणलं, आत्याबाई, तुम्ही कोजागिरीला तुळजापूरला पायी जाता, ते काय आहे? चार दिवस चालायचं, वाटेत गावागावात मुक्काम करायचा, मिळेल ती भाकरी खायची. वारीचंही तसंच. पायी चालणं आणि परक्या गावात रात्र काढणं आपल्याला नवीन नाही. नवीन एवढंच, की आता शहरातली माणसं डोंगर बघायला अशी चालतात, आणि मुक्कामाचे, जेवणाचे, वाट दाखवायचे पैसे देतात. ते पैसे कुणाच्या हातात जातात, हे बघायला आम्ही गेलो होतो.

चार दिवसांची वाट

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे आपल्याला माहीत आहेत, गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या. त्याच तालुक्यात आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे, कळसूबाई, १६४६ मीटर. पायथ्याला बारी गाव. आम्ही पहिल्या दिवशी बारीतून कळसूबाई चढलो. साड्या खोचल्या, पायात कॅनव्हासचे बूट. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाई एकसष्ट वर्षांच्या, त्या शिडीवर म्हणल्या, "खाली बघू नका गं, वर देवी बसलीय." वर छोटं देऊळ आहे. रात्री मुक्काम बारीतच, एका घरात.

दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या धरणाच्या कडंनं जीपनं रतनवाडीला गेलो. तिथं अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, आपल्या निलंग्याच्या नीलकंठेश्वराची आठवण झाली. तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला मुक्काम. तिसऱ्या दिवशी पाचनई. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड, तिथला कोकणकडा बघितला आणि खाली उतरून परत.

सोबत गावातला वाटाड्या होता. त्याचं काम नुसतं पुढं चालायचं नसतं, हे तिथं कळलं. कात्राबाईच्या चढाला आमच्यातल्या एकीचा गुडघा धरला. ती म्हणत होती, येते, येते. वाटाड्यानं ऐकलं नाही. पाव तास सगळ्यांना बसवलं, तिची पिशवी स्वतः घेतली, आणि म्हणाला, "अंधार पडायच्या आत खिंड उतरायची. त्या ताईंच्या पायानं सगळ्यांनी चालायचं." सगळ्यात हळू चालणारीच्या पायानं सगळ्यांनी चालायचं! आपल्या गटातही हा नियम पाहिजे, असं वाटून गेलं.

घरात काय दिसलं

जेवायला नागलीची भाकरी, भात, पिठलं, ठेचा. झोपायला सारवलेली ओसरी आणि गोधड्या. थंडी म्हणाल तर बोटं वाकत नव्हती. पण संडास स्वच्छ होता, त्यात पाणी भरलेलं होतं, कडी लागत होती. बायांना परक्या गावात दुसरं काय लागतं?

एका मुक्कामी रात्री भांडी घासायला मी घरधनीणीजवळ बसले. विचारलं, "वहिनी, महिन्याला किती सुटतात?" ती हसली. म्हणाली, "मला काय ठाऊक? पैसे ते घेतात. मी पीठ संपलं की सांगते." पहाटे चारला उठून तिनं पंधरा माणसांचं केलं होतं. सरपण तिनं आणलं, पाणी तिनं भरलं, गोधड्या तिनं धुतल्या. फोन आणि पैसा मात्र मालकाकडं. दुसऱ्या मुक्कामी उलटं दिसलं. तिथं वहीत नोंद होती, माणसं किती, जेवणं किती, पैसे किती आले, आणि वही बाईच्या फडताळात होती. तिनं आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, किती जणी, उपवास कुणाचा, तिखट किती. दोन्ही घरचं पिठलं चांगलंच होतं. फरक वहीचा होता.

कळसूची गोष्ट

तिकडं कळसूबाईची एक गोष्ट सांगतात. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली, मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. सगळं नीट चाललं होतं. मग एक दिवस घरी लई पाहुणे आले. गडबडीत कुणीतरी तिला म्हणालं, एवढी भांडी घास, केर काढ. तिनं केलं. आणि काम संपल्यावर ती डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. जिथं तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

माय-बहिणींनो, ही गोष्ट ऐकून मी रात्रभर जागी होते. आपल्या घरी पाहुणे आले की आपल्यालाही कुणी विचारत नाही. पण कळसूनं अट आधी घातली होती. मोडली तेव्हा तिला माहीत होतं काय मोडलं ते. आपण अटच घालत नाही, मग मोडली कशी म्हणायची?

आठवतं का, दोन वर्षांखाली हुरड्याचा कार्यक्रम घेतला होता? एका कार्यालयातून निरोप आला, पस्तीस माणसं येणार. आपण धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, हुरडा, सगळं पस्तिसांचं केलं. आले वीस. जाताना म्हणाले, लई छान, पुन्हा येऊ. पैसे वीस जणांचेच दिले, तेही दोन महिन्यांनी. पंधरा माणसांचं अन्न आणि आपली मजुरी कुणाच्या खात्यावर गेली? आपल्याच. चूक त्यांची होती तशी आपलीही होती. आगाऊ रक्कम आपण मागितली नव्हती. लाज वाटली.

आता येळवस तोंडावर आलीय. आपण शेतात भज्जी, उंडे, आंबील करू, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवू. त्याचे पैसे कुणी घेणार नाही, घेऊही नयेत. तुळजापूरच्या वाटेवरच्या भक्तांना पाणी-भाकरी देतो, तेही पुण्य म्हणून. तो पाहुणा. पण जो माणूस ठरवून, पैसे देऊन मुक्कामाला येतो, तो गिऱ्हाईक आहे. त्याच्याशी गोड बोलायचं, त्याला पोटभर वाढायचं, आणि हिशोब चोख घ्यायचा. दोन्हीत गल्लत केली की बाईची मजुरी बुडते.

हिशोब मांडून बघू

मी एक कच्चा हिशोब केलाय. आकडे समजा म्हणून धरा, आपल्या बाजारभावानं बदलतील. समजा दहा माणसं एक रात्र राहिली, दोन जेवणं, सकाळी चहा-पोहे, सोबत वाटाड्या. प्रत्येकी ७०० रुपये म्हणजे ७,००० रुपये आले.

किराणा, भाजी, दूध, गॅस : २,२००
स्वयंपाकाची मजुरी, दोघी जणी, प्रत्येकी ५०० : १,०००
झाडलोट, संडास सफाई, पांघरुणं धुणं : ४००
वाटाड्या : १,०००
दोन घरांचं भाडं, प्रत्येकी ५०० : १,०००
गटाचा निधी, शेकडा दहा : ७००
मोडतोड आणि औषधपेटीसाठी शिल्लक : ७००

बेरीज ७,०००. यात स्वयंपाकाची मजुरी वेगळी लिहिलीय, ते नीट बघा. ती नफ्यातून नाही, खर्चात धरलीय.

आता खरं बोलते. आपल्याकडं उन्हाळ्यात चालणं होणार नाही, पावसाळ्यात काळ्या मातीत पाय निघत नाही. राहिले थंडीचे तीन महिने. समजा त्यात वीस मुक्काम मिळाले आणि स्वयंपाकाला दहा जणींची पाळी लावली, तर एकीच्या वाट्याला चार पाळ्या, म्हणजे वर्षाला २,००० रुपये. यावर घर चालत नाही. म्हणून शेळ्या विकू नका, शिलाई मशीन बंद करू नका. हा जोडधंदा आहे, आणि सुरुवातीला बारीकच राहणार.

पाळीचं मात्र पहिल्यापासून पाहिजे. लडाखमध्ये डोंगरात चालणाऱ्यांना घरोघरी ठेवतात, तिथंही पाळीनं घरं देतात, म्हणजे एकाच घराची चांदी होत नाही. तिकडं उत्तराखंडात बिनसरच्या जंगलातल्या गावांनी गावाच्या मालकीची अतिथीघरं चालवली, आणि गिऱ्हाईक गावातल्या वाटाड्यासोबत एका गावातून दुसऱ्या गावात चालत जातं. आपल्याकडं पाळी लावताना कुजबूज होईल, मला माहीत आहे. कुणाच्या घरी जेवायचं, कुणाच्या नाही. म्हणून आत्ताच सांगते, यादीत सगळ्या वस्त्यांमधली घरं येतील आणि गिऱ्हाइकाला घर निवडता येणार नाही. ज्याला हे चालत नाही त्यानं लॉजवर राहावं.

आपल्याकडं काय आहे?

कुणी म्हणेल, आपल्याकडं कुठं कळसूबाई? खरंय. पण औसा तालुक्यातली खरोशाची लेणी आपल्याला जवळ आहेत. डोंगर लहान, पण कोरीव काम बघायला अभ्यासू माणसं येतात आणि तासाभरात परत जातात, कारण थांबायला जागा नाही. निलंग्यात नीलकंठेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. उदगीरकडं किल्ला आहे, हत्तीबेट आहे. नीलकंठेश्वराचं दर्शन घेऊन शेतवाटांनी, वस्त्यांवरून, मधे एक मुक्काम करत खरोशाला पोचायचं, वाटेत हुरडा, दुसऱ्या दिवशी लेणी. ज्वारीचं उभं रान शहरातल्या लेकरांनी बघितलेलं नसतं. आपल्याला ते रोजचं आहे म्हणून त्याची किंमत वाटत नाही.

काही जणींनी सभेपुढं मागणी ठेवलीय की कर्ज काढून चार खोल्या बांधाव्यात. राज्य सरकारनं २०२३ साली महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आणलंय. त्यात बाईच्या मालकीच्या आणि बाईनं चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, ठरलेल्या मर्यादेत, व्याजाचा परतावा मिळतो. योजना चांगली आहे. पण परतावा व्याजाचा आहे, मुद्दल आपल्यालाच फेडायचंय. गिऱ्हाईक यायच्या आधी खोल्या बांधल्या तर त्यात कडबा ठेवायची वेळ येईल. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागानं घरं उभी करायला किती वर्षं काढली ते थोरल्या बायांना विचारा. मी म्हणते, पहिल्या वर्षी एक वीटही रचायची नाही. आहेत त्या घरांत, आहेत त्या वाकळांवर करून बघू. दोन हंगाम जमलं तर कर्जाचं बोलू.

म्हणून माझा ठराव असा आहे :

१. संक्रांतीनंतर हुरडा आला की आपल्यातल्याच दहा जणींनी ही वाट दोन दिवस चालून बघावी. पाणी कुठं, सावली कुठं, कुत्री कुठं, दवाखाना किती लांब, सगळं वहीत लिहावं.

२. वाटेवरच्या ज्या घरांत चांगला संडास, पाणी आणि कडी लागणारी खोली आहे, त्यांची यादी सगळ्या वस्त्यांमधून करावी.

३. दर, आगाऊ निम्मी रक्कम, ओळखपत्राची नोंद, दारूला बंदी, कचरा परत नेणं, या अटी एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाला आधी द्याव्यात.

४. पैसे गटाच्या खात्यात यावेत, आणि मजुरी ज्या बाईनं काम केलं तिच्याच खात्यात जावी. नवऱ्याच्या नाही, लेकाच्या नाही.

५. वाटाड्या म्हणून आपल्या दोन तरुण लेकींना प्रथमोपचार शिकवून तयार करावं.

चौथं कलम मान्य नसेल तर बाकीची चारही सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही. त्या डोंगरातल्या वहिनीसारखं पहाटे चारला उठून, "मला काय ठाऊक" असं म्हणायला आणखी एक कारण आपल्याला नको.

माझं काही चुकलं असलं तर पदरात घ्या.