वगाच्या रंगभूमीवरील नटी : कांताबाई सातारकर

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा नाट्यगृहांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथे त्याचा आरंभ होतो. आणि पुढे पुण्यामुंबईच्या नाटकमंडळ्यांच्या वैभवातून तो पुढे सरकतो. या इतिहासात नटीचे प्रकरण फार उशिरा येते. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, आणि बालगंधर्वांसारख्या नटाने त्या प्रथेला असे काही तेज आणले की, तिच्यात उणे आहे असे कोणास वाटेना. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या कुलीन घरातील स्त्रिया रंगभूमीवर आल्या, तेव्हा सुशिक्षित समाजास ती एक क्रांतीच वाटली.

परंतु याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात एक स्त्री हजारो प्रेक्षकांपुढे उभी राहिली होती. अहमदनगर, म्हणजे आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा हे गाव आहे. तेथे १८७० साली पवळाबाईंचा जन्म झाला. तोपर्यंत तमाशातही लुगडे नेसून नाचणारा 'नाच्या पोऱ्या'च असे. पवळाबाईंनी ही रीत मोडली. आणि पठ्ठे बापूरावांची कवने त्यांच्या मुखातून घरोघरी पोहोचली. १९३९ साली पवळाबाईंचे निधन झाले.

योगायोग असा की, त्याच १९३९ साली, याच संगमनेरास पुढे आपले घर करणाऱ्या दुसऱ्या एका कलावतीचा जन्म झाला. या कलावती म्हणजे कांताबाई सातारकर.

कांताबाईंचे मूळ सातारचे. परंतु आईवडील पोटासाठी गुजरातेत गेले होते, आणि डिंबा या लहानशा गावी, दगडाच्या खाणीवर राबणाऱ्या या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे कुटुंब सातारला परतले. आठनऊ वर्षांच्या वयात मुलीच्या पायांत चाळ आले. मेळ्यात नाचणारी ही पोर लवकरच लहानमोठ्या फडांतून हिंडू लागली आणि पुढे मुंबईस आली. गिरण्यांच्या त्या वस्तीत घाटावरचा कामगार आपल्या गावाची आठवण तमाशाच्या थिएटरात शोधीत असे. तेथेच त्या तुकाराम खेडकर यांच्या फडात दाखल झाल्या. तुकाराम खेडकर हे वगातील नामांकित नट. त्यांच्यासमोर उभे राहून काम करता करता नर्तकी मागे पडली आणि नटी पुढे आली. कालांतराने रंगमंचावरील ही जोडी संसारातही एकत्र आली.

येथे वग म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. तमाशाचा आरंभ गणाने होतो. मागून गौळण येते, मावशी आणि सोंगाड्या यांची बतावणी होते, लावण्या होतात, आणि रात्र चढल्यावर वग उभा राहतो. वग म्हणजे कथा, म्हणजे नाटकच. परंतु नाटकमंडळीतील नटास पाठ केलेली संहिता असते, विंगेत सूचक उभा असतो. वगाची परंपरा निराळी. कथेचा सांगाडा सर्वांस ठाऊक असतो. त्यावर मांस चढवायचे ते नटाने, उभ्या उभ्या, स्वतःच्या शब्दांनी. समोरचा नट काय बोलेल याची खात्री नाही. सोंगाड्याने मध्येच कोटी केली, तर तीही झेलून कथेचा धागा सोडायचा नाही. समोर जत्रेचा गलबला, आणि त्या गलबल्यावर ढोलकी नि हलगी थांबताच शब्दाने मात करायची. अशा ठिकाणी नुसते रूप किंवा नुसता पदन्यास फार वेळ टिकत नाही. तेथे अभिनयच लागतो.

कांताबाईंकडे तो होता. 'गवळ्याची रंभा', 'रायगडची राणी', 'महारथी कर्ण', 'हरिश्चंद्र तारामती', 'पाच तोफांची सलामी' ही त्यांच्या नावाशी जोडलेल्या वगांतील काही नावे. पौराणिक, ऐतिहासिक आणि सामाजिक असे तिन्ही प्रकार त्यांनी हाताळले. आणि याहून विशेष म्हणजे, ज्या महाराष्ट्रात पुरुषाने शालू नेसून स्त्री उभी केली, त्याच महाराष्ट्रात या बाईंनी जिरेटोप चढवून शिवछत्रपती उभे केले. आपल्या दैवताची भूमिका एक स्त्री करीत आहे, आणि तीही तमाशातील, हे पाहून खेड्यातील प्रेक्षक हसला असता, तर वग तेथेच कोसळला असता. तो हसला नाही. त्याने मान दिला. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने या उलट चमत्काराची दखल फार थोडी घेतली गेली.

१९६४ साली तुकाराम खेडकर यांचे निधन झाले. कांताबाईंचे वय तेव्हा अवघे पंचवीस, आणि पदरी लहान मुले. फडाचा व्यवहार निष्ठुर असतो. ज्याच्या नावावर सुपारी येते तो गेला, की मागे राहिलेल्या स्त्रीस तेथे जागा मिळेलच असे नाही. अत्यंत हालाखीचे दिवस त्यांनी काढले. तथापि पाच वर्षांनी, १९६९ साली, त्यांनी स्वतःचा फड उभा केला. त्या फडाला त्यांनी तुकाराम खेडकर यांचे नाव दिले, आणि त्यास जोडून आपलेही नाव लावले.

फड उभा करणे म्हणजे काय, याची कल्पना शहरात बसून येणे कठीण. दसऱ्यास फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतो. मोठ्या फडात शंभरावर माणसे. त्यांत नट, नर्तकी, वादक, आचारी, तंबू ठोकणारे, मोटारी हाकणारे सारे आले. पावसाळ्यात उत्पन्न नाही. परंतु हंगामापूर्वी प्रत्येकास उचल द्यावीच लागते, आणि ती बहुधा कर्ज काढूनच दिली जाते. हंगामात एक अवकाळी पाऊस आला, की चार रात्रींचे उत्पन्न वाहून जाते. सावकाराचे व्याज मात्र वाहून जात नाही. हा सारा प्रपंच एका स्त्रीने सांभाळला. दिवसा हिशेब आणि प्रवास, रात्री तोंडाला रंग. मुलांचे शिक्षणही त्याच फडात झाले. पुत्र रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून महाराष्ट्रभर गाजले. मुलींनीही तीच वाट धरली. पुढे महाराष्ट्र शासनाचा, विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार कांताबाईंस मिळाला.

२०२० साली महामारी आली. जत्रा बंद झाल्या, तंबू गुंडाळले गेले. दुसऱ्या वर्षीही चैत्र-वैशाख तसेच सुने गेले. त्या सुन्या हंगामाच्या अखेरीस, मे २०२१ मध्ये, संगमनेर येथे कांताबाईंचे निधन झाले. ज्या महिन्यांत त्यांचे सारे आयुष्य ढोलकीच्या नादात गेले होते, त्याच महिन्यांत गावोगावची मैदाने त्या वर्षी निःशब्द होती.

सुशिक्षित समाजाने तमाशाकडे दीर्घकाळ दुरून पाहिले. लावणी आवडली तर ती गाण्याच्या बैठकीत आणून ऐकली. गाणारीस मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले. तिला कधी 'नाचणारी' म्हटले, फार झाले तर 'लोककलावंत' म्हटले. परंतु 'नटी' हा शब्द नाट्यगृहातील स्त्रीसाठी राखून ठेवला. ज्या स्त्रीने पन्नासाहून अधिक वर्षे तमाशास दिली, सूचकावाचून वग रंगविले, राजा आणि राणी दोन्ही उभी केली आणि शेकडो माणसांची मंडळी चालविली, तिला दुसरा कोणता शब्द लावावयाचा? मराठी नटींची मालिका जेव्हा जेव्हा लिहिली जाईल, तेव्हा तेव्हा तिच्यात प्रवराकाठची ही दोन नावे, हिवरगावच्या पवळाबाई आणि संगमनेरच्या कांताबाई, परिशिष्टात नव्हे, मूळ ग्रंथात यावयास हवीत.