दोन हजारांच्या आत झोळी आणि मच्छरदाणी: काय बघायचं, काय सोडायचं

आजचा भाग हॅमॉकवर आहे. मी त्याला झोळीच म्हणणार आहे, कारण लहानपणी आपण सगळे झोळीतच झोपलोय, फक्त ती आईच्या साडीची होती. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की स्वस्तातली कुठली घेऊ. ब्रँड सांगणार नाही, मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात. काय मोजायचं ते सांगतो.

आधी मी या भानगडीत का पडलो ते सांगतो. आमचे काका कोकणात आंब्याची राखण करतात. मार्च ते मे रात्री बागेत, खोपीत, जमिनीवर चटई टाकून. गेल्या वर्षी सकाळी चटई गुंडाळताना खाली मण्यार निघाली. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की कित्येकांना जागच येत नाही. काकांनी काठीने तिला बाजूला केलं आणि त्या रात्री पुन्हा तिथेच झोपले. "बाग काय सापाला विचारून राखू?" असं वर मलाच ऐकवलं. खाट न्यायला तयार नाहीत, कारण राखणीची जागा बदलत असते. मग झोळी. आणि अट एकच, महाग दिसली तर वापरणार नाहीत.

तर पहिली गोष्ट, लांबी. बाजारात स्वस्त झोळ्या साधारण 260 ते 270 सेंटीमीटरच्या असतात. उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर त्यात केळीसारखं वाकून झोपावं लागतं. 300 सेंटीमीटर किंवा जास्त घ्या. कारण झोळीत सरळ झोपायचंच नसतं, तिरकं झोपायचं असतं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. असं झोपलं की पाठ जवळजवळ सपाट राहते. कापड कमी पडलं तर हे जमत नाही. बाल्कनीत टांगायची दोरीची जाळीदार झोळी मिळते ना, ती रात्रभर झोपायला अजिबात घेऊ नका. अंगावर चौकडीचे वळ उठतात आणि मच्छरांना खालून मोकळं रान.

दुसरी गोष्ट, कोन. इथे थोडं गणित करू, इंजिनिअर आहे, सवय जात नाही. काकांचं वजन 70 किलो धरा. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांत असेल तर प्रत्येक बाजूला ताण बरोबर 70 किलोचा येतो. 15 अंशांत तोच सुमारे 135 किलो होतो आणि 10 अंशांत 200 किलो. म्हणजे झोळी ताठ, सरळ दिसावी म्हणून जितकी ओढाल तितकी ती तुटायच्या जवळ जाते. धपकन बसलात तर आणखी झटका. पाकिटावर "200 किलो" लिहिलेलं असतं ते मी या हिशोबाने वाचतो. मोबाईलमध्ये लेव्हलचं ॲप असतं, फोन पट्ट्याला टेकवा, 30 दिसलं की झालं. अंधारात तेही नको असेल तर झोळीच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी दोरी कायमची बांधा, झोळीच्या लांबीच्या 83 टक्के. 300 ची झोळी असेल तर दोरी 250 सेंटीमीटर. मग झाडं कुठलीही असोत, झोळ तेवढाच राहतो. मच्छरदाणीही त्याच दोरीवर लटकते, तोंडाला चिकटत नाही.

तिसरी, पट्टे. स्वस्त सेटमध्ये करंगळीएवढी नायलॉनची दोरी देतात. ती काढून टाका. झाडाची साल कापते आणि रात्री दवाने भिजली की ताणते, पहाटे तुम्ही जमिनीला टेकलेले असता. पॉलिस्टरचा किमान एक इंच रुंद पट्टा घ्या. ट्रकवर माल आवळायचे पट्टे मिळतात, त्यांच्या लेबलवर किती भार पेलतो ते लिहिलेलं असतं. बॅगवाल्याकडचा पट्टा दिसायला तसाच असतो, पण त्यावर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून मी तो टाळतो. कॅरॅबिनरवर किलोन्यूटनचा आकडा बघा, 1 किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलो. आकडाच नसेल तर तो किल्ल्या अडकवायला ठेवा.

झाडं बारा ते पंधरा फुटांवरची हवीत. हापूसच्या बागेत कलमं 10 मीटरवर असतात, तिथे 30 अंशांसाठी पट्टा तीन मीटरच्या वर बांधावा लागला असता, म्हणजे शिडी आली. आम्ही बांधावरचं जांभूळ आणि शेजारचं कलम धरलं. खोपीच्या मेढींना बांधू नका, त्या आडवा ताण सहन करायला रोवलेल्या नसतात. शेवगाही नको, कडकन मोडतो. वर बघा, वाळलेली फांदी असेल तर जागा बदला. आणि बसल्यावर उंची खुर्चीएवढीच ठेवा. उंच टांगलेल्या झोळीतून पडून मनगट मोडायचं असेल तर सापाला कशाला दोष द्यायचा?

आता मच्छरदाणी. खरी गंमत इथे आहे. बहुतेक स्वस्त झोळ्यांना वरून चेनवाली जाळी शिवलेली येते आणि लोकांना वाटतं काम झालं. पण खालचं कापड पातळ असतं, अंग त्याला चिकटलेलं असतं, मच्छर पाठीखालून आरामात चावतो. मलेरियाचा ॲनोफिलीस मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका तुमच्या झोपेच्या वेळेत. उपाय दोन. एक, झोळीत खाली फोमची कॅरीमॅट टाका. डिसेंबरात गारवाही खालूनच येतो, तेव्हा ती तशीही लागते. दुसरा, झोळीला पूर्ण गवसणी घालणारी सुटी जाळी.

ही गवसणी विकत घ्यायला गेलं तर कधीकधी झोळीपेक्षा महाग पडते. आम्ही गावच्या शिंप्याकडून शिवून घेतली. साधं मच्छरदाणीचं कापड, साडेतीन मीटर लांब, घेर चार मीटर, दोन्ही टोकांना नाडी, एका बाजूला लांब चेन. घेर मोठा मुद्दामच, जाळी झोळीच्या खाली सुटी लोंबायला हवी. पाठीला टेकली तर जाळीतूनही चावतात. कापड घेताना भोकं बघा. मच्छरदाणीत चौरस इंचाला 156 भोकं हे नेहमीचं माप आहे, मच्छरांना पुरतं. पण खाजणाजवळ किंवा समुद्रकिनारी अगदी बारीक चिलटं असतात, ती त्यातून आत येतात, तिथे आणखी बारीक जाळी हवी.

जाळी गोचीड थांबवत नाही, कारण ती तुमच्या पँटवर बसून आत येते. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो. त्या बाजूला जाणाऱ्यांनी झोळीत शिरण्याआधी कपडे झटका, कानामागे, काखेत बघा. बूट जमिनीवर सोडू नका, पट्ट्याला अडकवा. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या पट्ट्यावरून चालत येतात, काकांनी त्यावर ग्रीस लावलेली चिंधी बांधली. ही आयडिया पूर्ण त्यांची.

सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला, त्यात शिंप्याची शिलाईही आली. काकांना मी आकडा निम्माच सांगितलाय. हा भाग त्यांनी ऐकू नये एवढीच इच्छा.

किल्ल्यावर न्यायची असेल तर दोन शब्द. सह्याद्रीचे बरेचसे माथे बोडके आहेत, झाडं मिळतील असं गृहीत धरू नका. देवराईत बांधायची असेल तर आधी गावात विचारा. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत, मुक्कामाचं वनखात्याकडे विचारून जा.

पावसाआधी झोळी धुऊन सावलीत वाळवा, नायलॉन उन्हात कुजतं. मग डब्यात ठेवा, उंदीर शिवणीपासून सुरुवात करतात. वरच्या ताडपत्रीचं पुढच्या भागात बोलू. तोवर कुणी अशी गवसणी शिवून घेतली असेल तर घेर किती ठेवला ते कळवा, आमची चार मीटरची थोडी जास्तच झाली असं शिंप्याचं म्हणणं आहे.