दप्तर कोणाचे?

(गोरेगाव येथे गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१८१८ साली मराठी राज्य बुडाले आणि पुण्याचे पेशवे दप्तर कंपनी सरकारच्या हाती गेले. पुढे इनाम कमिशनने याच कागदांच्या आधारे इनामदारांचे हक्क तपासले आणि कित्येकांची इनामे खालसा केली. सरकारला हे दप्तर हवे तेव्हा उघडता येत होते. ज्या समाजाच्या कारकुनांनी ते लिहिले, त्या समाजातील अभ्यासकांना मात्र त्याचे दार दीर्घकाळ बंद राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावची घराणी पालथी घालून खासगी दप्तरांतून कागद जमवले आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. सरकारी दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत बाहेर आले, ते १९३० नंतर. म्हणजे राज्य गेल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी!

दप्तर सरकारचे, प्रजेने त्याकडे दुरून पाहावे, ही परकीय सत्तेची वृत्ती होती. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा त्याच वृत्तीतून आला आणि स्वातंत्र्यानंतरही तो टिकला. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी व्हावी यासाठी अण्णा हजारे यांना उपोषणाला बसावे लागले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा लागू झाला. साधन हाती आले. ते वापरण्याची विद्या मात्र समाजात अजून पुरेशी रुजलेली नाही.

गोरेगावातील ज्या संस्थांचे सदस्य या सभागृहात बसले आहेत, त्यांपैकी अनेकांच्या इमारतीखालची जमीन आजही संस्थेच्या नावावर नाही. चाळीस-चाळीस वर्षे घरपट्टी भरली, इमारतीची डागडुजी केली. पण मिळकत पत्रिकेवर नाव मूळ जमीनमालकाचे. विकासकाने अभिहस्तांतरण करून दिलेले नाही, काही ठिकाणी तो हयातही नाही. उद्या पुनर्विकासाचा प्रश्न येतो, तेव्हा जमिनीवर बोलणारा दुसराच कोणीतरी उभा राहतो. यावर उपाय आहे. मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीच्या १९६३ च्या कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरणासाठी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करता येऊ लागला. हा अर्ज कागदांवर उभा राहतो. मिळकत पत्रिका, मंजूर नकाशे, सदनिकांचे नोंदणीकृत करार, विकासकाला जमीन देणारा मूळ करार. संस्थेच्या कपाटात यांतील निम्मे सापडत नाहीत, आणि अर्ज तिथेच अडतो.

हे कागद कोणत्या कार्यालयात आहेत, हा खरा प्रश्न आहे. विभाग कार्यालयात खेटे घालून ‘इथे काही मिळत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. अनेकदा कागद तिथे नसतोच. गोरेगाव पश्चिमेतील महापालिकेच्या पी दक्षिण विभाग कार्यालयात मालमत्ता कराची आकारणी, अनधिकृत बांधकामावरील नोटिसा, परवाने यांचे अभिलेख असतात. नव्या इमारतीचे मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे इमारत प्रस्ताव विभागाचे काम. तो विभाग वेगळा आहे. म्हाडाच्या अभिन्यासातील इमारतींना २०१८ पासून म्हाडाच परवानगी देते. जमिनीची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात. सात-बारा आणि फेरफार बोरिवली तालुक्याच्या महसुली यंत्रणेत, कारण पहाडी गोरेगाव हे महसुली गाव त्या तालुक्यात मोडते. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये झाला व त्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे.

साष्टीच्या जमिनींचा इतिहासही गुंतागुंतीचा आहे. कंपनी सरकारच्या काळात इथली कित्येक गावे खासगी मालदारांना दिली गेली होती. त्यांची महसूलमाफी १९५१ च्या कायद्याने संपुष्टात आणली. मिळकत पत्रिकेवरील जुनी, अपरिचित नावे पाहून घाबरणाऱ्यांनी हा भाग ध्यानात ठेवावा. तसेच गोरेगाव बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले ते १९५७ मध्ये. त्यापूर्वीच्या बांधकामाची परवानगी महापालिकेच्या दप्तरात शोधण्यात वर्ष घालवण्यापेक्षा महसुली अभिलेखांकडे वळणे शहाणपणाचे.

प्रत्येक कागदासाठी माहितीचा अधिकार लागतोच असे नाही. नोंदणीकृत दस्ताची सूची क्रमांक दोन १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार कोणालाही शुल्क भरून पाहता येते. मिळकत पत्रिका महाभूलेख संकेतस्थळावर पाहता येते. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मागण्याची तरतूद पूर्वी पुरावा कायद्यात होती, आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. जो कागद खिडकीवर मिळतो, त्यासाठी तीस दिवस वाट पाहणे हा निव्वळ हौसेचा भाग झाला.

अर्ज करायचाच असेल, तर तो प्रश्नपत्रिकेसारखा लिहू नये. ‘आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र का दिले नाही?’ असे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही आणि तो कायद्याला दोष देतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केले की, ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे माहिती देणे नव्हे. कार्यालयाकडे जो अभिलेख आहे तो मागता येतो. अधिकाऱ्याकडून खुलासा मागता येत नाही. म्हणून भूमापन क्रमांक, इमारतीचे नाव, अंदाजे वर्ष लिहून ‘या प्रस्तावाच्या नस्तीतील टिपण्या, पत्रव्यवहार व मंजूर नकाशे यांच्या प्रमाणित प्रती’ असे मागावे. भोगवटा का अडला, ते त्या टिपण्यांतच लिहिलेले असते. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमांनी अर्ज एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांचा ठरवून दिला आहे. काहींना ही अडवणूक वाटते. पण नेमका अर्ज त्याहून कमी शब्दांतच बसतो. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक, प्रतीमागे दोन रुपये. हेतू सांगण्याची सक्ती नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे.

पत्राचाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोरेगावच्या सिद्धार्थ नगराचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करार २००८ चा. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, म्हाडाने विकासकाशी असलेला करार संपुष्टात आणला आणि तोवर घरे सोडून गेलेली कुटुंबे भाड्याच्या जागी दिवस काढत होती. ज्या करारात सार्वजनिक प्राधिकरण एक पक्ष आहे, तो त्याच्या दप्तरातला अभिलेख ठरतो. कोणत्या टप्प्यावर काय बांधायचे ठरले आणि किती बांधले, हे वर्षागणिक तपासण्याचा मार्ग रहिवाशांना उपलब्ध असतो. पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या संस्थांनी स्वाक्षरी करण्यापूर्वीच याची सवय लावून घेतलेली बरी.

‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले की, एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येत नाही. कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी लागते. महाराष्ट्राच्या २००५ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अपिलात या दोन्हींचा उल्लेख करावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील, वीस रुपयांच्या मुद्रांकासह. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगापुढे प्रकरणे साचतात हे खरे, म्हणून सारा भर पहिल्याच अर्जावर ठेवावा. वैयक्तिक माहितीचा अपवाद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अधिक कठोर केला आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या सदनिकेची माहिती मागण्यापेक्षा इमारतीचे सामाईक कागद मागावेत.

आणखी एक सोय फारशी कोणी वापरत नाही. पुणे महापालिकेने नागरिकांना ठरावीक वेळी अभिलेख पाहू देण्याची प्रथा सुरू केली होती. २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख अवलोकनासाठी खुले ठेवण्यास सांगितले. संस्थेच्या दोन सदस्यांनी भूमापन क्रमांक, जुनी कर पावती आणि परिपत्रकाची प्रत घेऊन जावे. फाइल हाती आली की पाने मोजावीत, कोणत्या पानांच्या प्रती हव्यात त्यांचे क्रमांक टिपावेत आणि त्या क्रमांकांसह अर्ज तिथेच देऊन पोच घ्यावी.