कोंबडीला बोल लावण्याआधी

(जिल्हा बैठकीतील भाषणावरून)



कापूस आणि ज्वारीवर बोलायला मला बोलावले आहे. त्यावरच बोलणार आहे, पण खुराड्याच्या दारातून.

गेल्या उन्हाळ्यात एका माउलीने मला घरी नेले. खुडूक कोंबडीखाली 12 अंडी ठेवली होती. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली 3. घरच्यांचा निकाल ठरलेला : "कोंबडी वांझ आहे, कापून टाका." मी विचारले, "आणि कोंबड्याचे काय?" सगळे हसले. कोंबडा उकिरड्यावर उभा राहून आरवत होता!

हसण्यासारखे त्यात काही नाही. घरात मूल झाले नाही की बोल बाईला लागतो. खुराड्यातही आपला न्याय तोच. उरलेली 9 अंडी आम्ही फोडली. त्यातल्या सातांत गर्भाचा मागमूसही नव्हता. नुसते आरवण्यावरून कोंबड्याला निर्दोष सोडता येत नाही.

कोंबड्याचे वृषण वळूसारखे बाहेर नसतात. ते पोटात, पाठीच्या कण्याला लागून, मूत्रपिंडांजवळ असतात. तिथली ऊब सुमारे 41 अंश. एवढ्या उष्णतेत शुक्रपेशी तयार करणे त्याला जमते. पण त्याला घाम येत नाही, धापा टाकणे हाच मुख्य उपाय. वैशाखात पत्र्याखाली कोंडलेल्या कोंबड्याचे अंग याच्याही वर तापले की आतले काम बिघडते.

कसे बिघडते? शुक्रपेशी सुतासारखी लांबट. पुढे डोके, मागे शेपूट, मध्ये तंतुकणिका. ही तिची इंजिने. पेशीभोवती पातळ स्निग्ध आवरण असते. जवसाचे तेल उघडे राहिले तर लवकर खवट होते ना, त्याच जातीचे हे आवरण. उष्णता वाढली की तेही आतल्या आत 'खवट' होते, फाटते. इंजिने बंद पडतात. पेशी अंड्यापर्यंत पोचतच नाही. हा खवटपणा अडवणारे ई जीवनसत्त्व हिरव्या पाल्यात असते, आणि उन्हाळ्यात पालाच नसतो.

दुसरी गंमत अशी की कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात. त्यांत ती शुक्रपेशी दोन-तीन आठवडे जिवंत ठेवते. ही तिची कणगी! म्हणून कोंबडा आज बिघडला तरी अंडी काही दिवस फळतच राहतात. कणगी रिकामी झाल्यावर नुकसान दिसते, आणि तोवर कोंबड्याची ती दुपार कोणाला आठवत नाही. सापडते ती कोंबडी.

आता आपली पिके. पावसात काळी पडलेली ज्वारी बाजारात कोणी घेत नाही, म्हणून आपण ती कोंबड्यांपुढे टाकतो. बुरशीबरोबर विषही पोटात जाते. बुरशी लागलेल्या दाण्यात आणि भुईमुगाच्या पेंडीत होणारे अफ्लाटॉक्सिन कोंबड्याचे वीर्य घटवते.

सरकी फोडून पाहा, आत काळे ठिपके दिसतील. त्यात गॉसिपॉल असते. 1970 च्या दशकात चीनमध्ये 8,000 हून अधिक पुरुषांना ते मूल होऊ नये म्हणून देऊन पाहिले. शुक्रपेशी आटल्या, पण काहींच्या परत आल्याच नाहीत, काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरले, आणि तो नाद सोडावा लागला. घाबरू नका, शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून ते काढलेले असते. मोठ्या गाई-म्हशीच्या पहिल्या पोटातही त्याचा बराच जोर मोडतो. कोंबड्याला तसे पोट नाही. सरकीची पेंड खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यांचा बलक साठवणीत हिरवट पडतो. म्हणजे ते अंगात उतरतेच. मग पैदाशीच्या कोंबड्यापुढे ती पेंड टाकायचीच कशाला?

घरी गेल्यावर एवढे करा. उबवणीच्या सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरा. लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले तर अंडे फळले. आरपार स्वच्छ दिसले तर बहुधा फळलेच नाही. आधी कोंबड्याकडे पाहा. जाळे धरून गर्भ मेला असेल तर अंड्यांची साठवण आणि ऊब तपासा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा, दुपारी सावली, गार पाणी, स्वच्छ दाणा. नवी शुक्रपेशी घडायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून महिनाभर तरी धीर धरा.

त्या माउलीने कोंबडा बदलला, पेंड बंद केली, खुराडे लिंबाखाली नेले. पुढच्या खेपेला 12 अंड्यांतून 9 पिल्ले निघाली. तिन्ही गोष्टी एकदम केल्या, त्यामुळे गुण कशाचा हे सांगता येणार नाही. पण कोंबडी तीच होती. जिला कापायला निघाले होते, तीच.