शस्त्र आणि आईबाप

मुलाच्या हातून घडलेल्या हत्येबद्दल आईबाप दोषी ठरतात काय? अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत हा प्रश्न न्यायासनापुढें आला. नोव्हेंबर २०२१ मध्यें ऑक्सफर्ड गांवीं एका पित्यानें १५ वर्षांच्या मुलासाठीं पिस्तूल विकत घेतलें. चारच दिवसांनीं त्या मुलानें शाळेंत ४ विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. त्याच सकाळीं शाळेनें त्याचें भयसूचक चित्र आईबापांस दाखविलें होतें. तरी त्यांनीं त्यास घरीं नेलें नाहीं, कीं पिस्तुलाचा उल्लेखही केला नाहीं. २०२४ मध्यें निष्काळजीपणानें घडलेल्या मनुष्यवधाबद्दल दोघांसही प्रत्येकीं १० ते १५ वर्षांची कैद झाली. त्याच वर्षीं, अल्पवयी मुलांचा वावर असलेल्या घरीं शस्त्र कुलुपांत ठेवण्याचा कायदाही तेथें अमलांत आला. पिस्तुलाची किंमत दिली म्हणजे पित्याचें कर्तव्य संपत नाहीं. तें तेथूनच सुरू होतें.