काहीही न घडण्याचं काम



आजच्या पत्रिकेत माझ्या विषयापुढे संयोजकांनी 'पहिली महिला' असं छापलं आहे. हेतू चांगला आहे, पण आधी थोडा हिशेब नीट करून घेऊ. जिल ह्रूबी २०१५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संचालक झाल्या. लॉस अलामॉस, लिव्हरमोर आणि सँडिया या अण्वस्त्रांच्या तीन प्रयोगशाळांपैकी कुठलीही चालवणाऱ्या त्या पहिल्याच बाई. इथपर्यंत 'पहिली' बरोबर. पण पुढे २०२१ मध्ये ज्या राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे एनएनएसएच्या, त्या प्रमुख झाल्या, तिथे त्यांच्या आधी लिसा गॉर्डन-हॅगर्टी त्याच खुर्चीत बसून गेल्या होत्या. शिवाय 'पहिली' म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. संचालकपदाच्या आधीच्या बत्तीस वर्षांत ही बाई नेमकं काय करत होती, हे विचारायचं राहून जातं.

तर तिथून सुरुवात करू. जन्म १९५९, ओहायो राज्यातला. पर्ड्यू विद्यापीठातून मेकॅनिकलची पदवी, बर्कलीहून पदव्युत्तर पदवी आणि १९८३ मध्ये सँडियाच्या कॅलिफोर्नियातल्या केंद्रात नोकरी. सुरुवातीच्या काळातलं त्यांचं संशोधन सौरऊर्जेवर आणि हायड्रोजन साठवण्यावर होतं. किरणोत्सर्ग टिपणाऱ्या एका उपकरणाच्या कामाला उद्योगजगतातला मानाचा आर अँड डी १०० पुरस्कारही मिळाला. यात बॉम्ब कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. सँडियाचं वेगळेपण तिथेच आहे. बॉम्बचं काळीज, म्हणजे प्लुटोनियमचा भाग, लॉस अलामॉस आणि लिव्हरमोरचे शास्त्रज्ञ आखतात. त्याभोवतीचं बाकी बहुतेक सगळं, म्हणजे स्विच, तारा, बॅटऱ्या, कुलपं, सँडियाचे इंजिनिअर करतात. आणि या कुलपांचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे.

२४ जानेवारी १९६१. नॉर्थ कॅरोलायनात गोल्ड्सबरोजवळ एक बी-५२ विमान हवेतच मोडलं. त्यातून दोन हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. एकेकाची ताकद हिरोशिमाच्या दोनशे पटींहून अधिक. त्यातल्या एकाची छत्री उघडली आणि हुकूम मिळाल्यावर ज्या पायऱ्या चढायच्या, त्यातल्या बहुतेक तो आपोआप चढला. पुढे १९६९ मध्ये सँडियाच्याच पार्कर जोन्स या इंजिनिअरने गुप्त टिपणात लिहून ठेवलं, की अमेरिका आणि महासंहार यांच्या मध्ये एकच साधा, कमी दाबाचा स्विच उभा होता. ते टिपण लोकांपुढे यायला २०१३ उजाडलं.

अशा धक्क्यांतून सँडियाचं खरं शास्त्र घडलं. हुकूम आला तर हमखास, नाही तर कदापि नाही, ही दोन टोकं एकाच यंत्रात बसवायची. बॉम्बमध्ये एक कणखर दुवा असतो. तो ठरावीक, निसर्गात चुकूनही तयार होणार नाही असाच संकेत मिळाला तर उघडतो. वीज पडून किंवा शॉर्टसर्किटने नाही. आणि एक कमजोर दुवा असतो. विमानाला आग लागली तर हा भाग मुद्दाम बाकी सगळ्यांच्या आधी निकामी व्हावा, असा बनवलेला. चांगलं मरणं हाच त्याचा गुण. कुठला भाग किती तापमानाला आणि किती वेळात दगा देईल, हे आधी सांगता यायला हवं. श्रोत्यांत मेकॅनिकलवाले असतील त्यांना कळेल, की उष्णतावहनाची ती आपली कंटाळवाणी गणितं इथे केवढ्या मोलाची ठरतात.

या कामाची एक अडचण मात्र आहे. यश दाखवता येत नाही. पूल बांधला तर फीत कापता येते. बॉम्ब चुकून फुटला नाही, साठ्यातलं काही चोरीला गेलं नाही, याची फीत कोण कापणार?

साठ्याच्या राखणीचंही शास्त्र सँडियातच बांधलं गेलं. त्यावरचं प्रमाण मानलं जाणारं पाठ्यपुस्तक सँडियाच्याच एका बाईंनी, मेरी लिन गार्सिया यांनी, २००१ मध्ये लिहिलं. आपल्याकडे त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम घेते. त्यातला गाभा आपल्या जुन्या वाड्यावरून समजतो. कुत्रं भुंकलं की चोर कळला. दिंडीचा अडणा चोराला थोपवतो. तोवर आळीतले लोक काठ्या घेऊन येतात. गंमत क्रमाची आहे. अडणा मोडल्यावर कुत्रं भुंकलं, तर अडण्याचा जाडपणा वाया गेला. चाहूल लागल्यानंतर चोराला जितका वेळ अडवता येईल, तो माणसं पोचायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त हवा. कोट्यवधी डॉलरची कुंपणं शेवटी या एका वजाबाकीवर उभी असतात.

आणि वजाबाकी चुकते कशी, तेही ऐका. २८ जुलै २०१२. टेनेसीतलं वाय-१२. बॉम्बला लागणारं समृद्ध युरेनियम जिथे साठवतात ती जागा. मेगन राइस नावाची ८२ वर्षांची ख्रिस्ती जोगीण दोन साथीदारांसह रात्रीच्या अंधारात कुंपणामागून कुंपण कापत थेट साठ्याच्या इमारतीपर्यंत गेली. त्यांनी भिंतीवर शांतीची वचनं रंगवली आणि रक्त ओतलं. गजर वाजला नाही असं नाही. पण खोटे गजर इतके वाजत, की ऐकणाऱ्यांच्या कानाला सवय झाली होती, आणि पाहायला लावलेला कॅमेरा नादुरुस्त होता. कुत्रं भुंकत होतं, पण आळी कूस बदलून झोपली. राइसबाई तुरुंगात गेल्या. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने घातपाताचा ठपका काढल्यावर सुटल्या. माझ्या मते वाय-१२ वर त्यांचे उपकारच झाले.

ह्रूबी २०१० पासून सँडियाच्या उपाध्यक्ष होत्या. आंतरराष्ट्रीय आणि अणुसुरक्षेचा कारभार त्यांच्याकडे होता. बॉम्बपलीकडचाही पसारा त्यात येतो, उदाहरणार्थ रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत पडून असलेले किरणोत्सर्गी पदार्थ. त्याच वर्षी आपल्या दिल्लीत काय झालं आठवा. विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं उपकरण मायापुरीच्या भंगारबाजारात फोडलं गेलं, आत कोबाल्ट-६० होता, आणि त्यात एक जण दगावला. तिथे चोर नव्हताच, विसरभोळेपणा होता.

संचालकपद मात्र त्यांना दोन वर्षंही लाभलं नाही, आणि त्याचं कारण कामात नव्हतं. सँडिया सरकारची असली तरी चालवायला कंत्राटदार कंपनी असते. ते कंत्राट लॉकहीड मार्टिनकडून हनीवेलच्या कंपनीकडे गेलं आणि २०१७ मध्ये संचालक बदलले. बाई निवृत्त झाल्या आणि अण्वस्त्रांचा धोका कमी करण्यासाठी झटणाऱ्या न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्हमध्ये जाऊन बसल्या. तिथे त्यांनी रशियाच्या नव्या अण्वस्त्रवाहक यंत्रणांचा, फक्त उघड उपलब्ध माहितीवरून, तांत्रिक आढावा लिहिला. जन्मभर बॉम्ब सांभाळलेल्या व्यक्तीने निःशस्त्रीकरणवाल्यांच्या घरी बसून लिहावं, हे आपल्याकडे घडणं मला अवघड वाटतं.

२०२१ च्या जुलैमध्ये सिनेटच्या मंजुरीने त्या एनएनएसएच्या प्रमुख झाल्या. आता प्रसंग मोठे होते. १३ डिसेंबर २०२२ ला वॉशिंग्टनच्या व्यासपीठावर त्या ऊर्जामंत्र्यांबरोबर उभ्या होत्या. लिव्हरमोरच्या लेझर यंत्रात पहिल्यांदा संलयनातून, आत घातलेल्या लेझरपेक्षा जास्त ऊर्जा मिळाली होती: २.०५ मेगाज्यूल घातली, ३.१५ निघाली. त्या लेझर पेटवायलाच विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल लागले, ते बातम्यांच्या मथळ्यांत फारसं आलं नाही. ते यंत्र मुळात घराघरांत स्वस्त वीज देण्यासाठी बांधलेलं नाही, हेही नाही. अमेरिकेने १९९२ नंतर अणुस्फोट चाचणी केलेली नाही. मग साठ्यातले बॉम्ब धड आहेत की नाहीत, हे अशा प्रयोगांतून आणि महासंगणकांवर ताडून पाहायचं असतं.

पण मला त्यांच्यातली इंजिनिअर सर्वांत स्पष्ट दिसते ती दुसऱ्याच ठिकाणी. डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यात प्लुटोनियमची काळजं बनत. १९८९ मध्ये पर्यावरणाच्या गुन्ह्यांसाठी तिथे एफबीआयने धाड घातली आणि तो धंदाच बसला. पुढे काँग्रेसने कायदा केला, की २०३० मध्ये वर्षाला ८० काळजं तयार झाली पाहिजेत. ह्रूबींनी काँग्रेसच्या समितीसमोर बसून सांगितलं, की हे जमणार नाही आणि पैसे वाढवून दिले तरी ती तारीख गाठता येणार नाही. वरिष्ठांना हवी ती तारीख सांगून पुढे मुदतवाढ मागण्याची रीत आपल्याला परकी नाही. इथे बाईंनी उलटं केलं. लॉस अलामॉसहून साठ्यासाठी पसंतीचा शिक्का मिळालेलं नव्या बॉम्बमुखाचं पहिलं काळीज निघायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला.

त्या काळजाच्या कामाबद्दल आनंद मानावा का, याबद्दल माझं मन अजून साफ नाही. ज्या बाईंनी तारीख खरी सांगितली, त्यांच्याच देखरेखीखाली बी६१-१२ बॉम्बचं नूतनीकरणही पूर्ण झालं. पण त्याच बाईंनी २०२३ मध्ये व्हिएन्नात असा प्रस्तावही मांडला, की नेवाडात जमिनीखाली होणारे, स्फोटाची मर्यादा न ओलांडणारे प्रयोग इतर देशांनी आपली मोजणीयंत्रं घेऊन येऊन पाहावेत, आणि आम्हालाही त्यांचे पाहू द्यावेत. ज्या चाचणीबंदी करारासाठी ही धडपड, त्याला १९९६ मध्ये जिनिव्हात भारताच्या वतीने ठाम नकार दिला होता अरुंधती घोष यांनी. बंदी मोडली की पाळली, हे तपासायचं कसं, हा प्रश्न तेव्हाही होता. ह्रूबींच्या प्रस्तावाला रशियाकडून उत्तर आलं ते वेगळंच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रशियाने त्या कराराची मान्यता मागे घेतली.

जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि बाई पायउतार झाल्या. आपल्या कारकिर्दीत त्यांनी बॉम्बबरोबरच माणसं मिळवण्याकडे आणि टिकवण्याकडेही लक्ष दिलं. अनुभवी हात निघून जातात, हे त्या सतत सांगत. पुढच्याच महिन्यात नव्या सरकारच्या खर्चकपातीत एनएनएसएच्या अनेक कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याचं कळवण्यात आलं. हे लोक काय करतात ते ध्यानात आल्यावर काही दिवसांतच बहुतेकांना परत बोलवायचं ठरलं. तेव्हा काहींना निरोप पोचवणंच कठीण झालं, कारण काढताना त्यांच्या कचेरीच्या ईमेलचे पत्ते आधीच बंद करून टाकले होते.