जुन्या चित्रगृहांचा जीर्णोद्धार



आजच्या विषयाच्या नावात 'जीर्णोद्धार' हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. कौंडण्यपूरच्या माणसास तो समजावून सांगावा लागत नाही. हे रुक्मिणीचे माहेर. वर्धेचा काठ, वरचे देऊळ, आणि दरवर्षी येथून पंढरीस निघणारी रुक्मिणीची पालखी, हे सारे आपल्या नित्याच्या पाहण्यातले आहे. देवळाचा जीर्णोद्धार आपण कशासाठी करतो? भिंत देखणी दिसावी एवढ्यासाठी नव्हे. पूजा चालावी, यात्रा भरावी, आलेल्या माणसास पावसात उभे राहावे लागू नये, म्हणून आपण भिंत सांधतो. जेथे पूजाच उरली नाही तेथे केलेली डागडुजी हे पुराणवस्तू खात्याचे काम झाले. तेही चांगलेच काम आहे. परंतु ते निराळे. चित्रगृहांविषयी बोलताना हा भेद मला धरून चालावयाचा आहे.

देवळाच्या पंक्तीस टॉकीज कशाला बसवता, असे कोणी म्हणेल. मी बसवीत नाही. लोकांनीच ती कधी कधी बसविली आहे. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला तो वर्षाहून अधिक काळ हलला नाही. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा ठिकठिकाणी माणसे पादत्राणे बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले व नाणी उधळीत. याला भाबडेपणा म्हणा हवे तर. पण ज्या घरात शेकडो माणसे एकाच वेळी हसतात, एकाच वेळी डोळे पुसतात, ते घर चार भिंतींहून काही अधिक होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

हा सारा व्यवहार आपल्या देशात फार जुना नाही. १८९६ च्या ७ जुलैस मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दिसली. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९३१ च्या १४ मार्चला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला, आणि मुक्या चित्रांसाठी बांधलेल्या सभागृहांची एकदम पंचाईत झाली. मुक्या चित्राला पेटी-तबला पुरत असे. आता उघड्या भिंतीवरून शब्द आपटून परत येऊ लागले, आणि मालकांना भिंतींना पडदे व गाद्या ठोकाव्या लागल्या. पुढच्या काळात जी नवी चित्रगृहे उभी राहिली त्यांची गोलाई, त्यांचे उतरते छत, त्यांच्या भिंतींवरची नक्षी यांत शोभेइतकाच आवाजाचाही विचार होता. जुन्या टॉकीजमध्ये मागच्या बाकावरही संवाद स्वच्छ ऐकू येत असे ते काही दैवयोगाने नव्हे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळतो. चित्रपटाच्या धंद्यात देशाचे जे भाग पाडलेले आहेत त्यांत 'सी. पी. बेरार' हे नाव अजून चालते. तो प्रांत नकाशावरून केव्हाच पुसला गेला. चित्रपटांच्या हिशेबवहीत मात्र राहिला. आणि या भागाच्या वितरणाचे ठाणे नागपूर नव्हे, आपली अमरावती. मुंबईहून चित्रपटाच्या पत्र्याच्या पेट्या यावयाच्या, आणि येथून त्या गावोगावच्या चित्रगृहांत फिरावयाच्या. एकच प्रत मोठ्या शहरात चालून चालून मग लहान गावी पोचे. तोवर तिच्यावर इतके ओरखडे पडलेले असत की पडद्यावर प्रत्येक प्रसंगी पाऊस पडे, मग नायिका राजस्थानच्या वाळवंटात का उभी असेना.

त्या काळची चित्रगृहे आता शहरात चौकांची नावे होऊन राहिली आहेत. अमरावतीत चित्रा चौक म्हणा, श्याम चौक म्हणा, सरोज चौक म्हणा, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. अकोल्यात आजही माणेक टॉकीजच्या खुणेने पत्ता सांगतात. चौकाला नाव देण्याचा मान आपण राजेरजवाड्यांना देतो, हुतात्म्यांना देतो. टॉकीजला तो कोणत्याही ठरावावाचून मिळाला. लोकांनी दिला.

पण वऱ्हाडातल्या ज्या रंगगृहाचे नाव मला आज आदराने घ्यावयाचे आहे ते म्हणजे अमरावतीचे इंद्रभुवन थिएटर. नाटकांसाठी ते प्रसिद्ध होतेच. परंतु १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न पेटला असताना वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली ती या थिएटरात, आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. देवळाचे दार ज्यांना बंद होते त्यांना बसावयास जागा मिळाली ती नाटकाच्या मंडपात. यावरून थिएटरे फार उदार होती असा निष्कर्ष मी काढणार नाही. तिकिटाच्या दराने माणसांचे वर्ग तेथेही पडत. पडद्याच्या नाकाशी बसणारा आणि वरच्या बाल्कनीत बसणारा यांची दारे आणि जिने कित्येक ठिकाणी वेगळे असत. पण दाम मोजल्यावर कोणाची जात कोण, हे तिकीटविक्याच्या खिडकीला दिसत नसे. आणि दिवे मालवल्यावर तर कोणालाच दिसत नसे. गावाला एका छपराखाली बसविणारी जागा म्हणून या इमारतींचे मोल आहे. नक्षीचे मोल त्यानंतर.

या दृष्टीने आता झालेले जीर्णोद्धार पाहू. सर्वांत गाजलेला आहे तो मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम पुरते झालेही नव्हते. नावाप्रमाणे ते विलायती संगीत-नाटकांसाठी होते. पण नुसत्या ऑपेरावर पोट भरेना. तेथे आपल्याकडची नाटके झाली, बालगंधर्वांचे स्वर घुमले, पृथ्वीराज कपूरांचे खेळ झाले, आणि १९३५ पासून ते मुख्यतः चित्रगृह झाले. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते घेतले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि वीसेक वर्षे तसेच राहिले. नंतर गोंडलच्या घराण्याने वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्याकडे काम सोपविले. घुमटाच्या आतल्या अंगास आठ भाग आहेत आणि त्यांवर कवी-नाटककारांना वाहिलेली चित्रकारी. ती स्वच्छ झाली. गळते छप्पर, खचलेले सज्जे, जुने गिलावे हे सारे हळूहळू मार्गी लागले. २०१६ च्या ऑक्टोबरात दार पुन्हा उघडले आणि पुढच्या वर्षी युनेस्कोचा वास्तुसंवर्धनाचा पुरस्कार त्यास मिळाला.

मला यात सोनेरी मुलाम्यापेक्षा एक गोष्ट अधिक शिकण्याजोगी वाटते. या इमारतीने शंभर वर्षांत किती वेळा धंदा बदलला पाहा! ऑपेरा, नाटक, बोलपट, आणि आता पुन्हा मैफली, नाटके, चित्रपट-महोत्सव. ज्या काळात तिने हट्टाने एकच काम धरून ठेवले त्या काळात ती मोडकळीस आली; जेव्हा काम बदलले तेव्हा वाचली.

दुसरे उदाहरण मुंबईचेच, चर्चगेटसमोरच्या इरॉसचे. १९३८ चे हे चित्रगृह जागतिक वारशाच्या यादीत २०१८ साली गेलेल्या वास्तुसमूहात आहे. काही वर्षे बंद राहून २०२४ साली ते पुन्हा सुरू झाले. बाहेरचे रूप राखले आहे, आत प्रचंड आधुनिक पडदा आहे. चांगले झाले. परंतु पूर्वी हजाराहून अधिक माणसे जेथे एकत्र बसत तेथे आता सुमारे तीनशे बसतात, आणि बाकी जागा दुकानांकडे गेली आहे. मालकाला दोष देण्याचे कारण नाही; हजार खुर्च्या रोज भरणे आज कोणाला साधते? तरी पण हिशेब नीट मांडावा. इमारत वाचली, आणि स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक रस्त्यावर राहिला. माझ्या मते हा अर्धा जीर्णोद्धार आहे.

पुण्यास प्रभात चित्रगृह १९३४ साली सुरू झाले. जागा मूळ किबे घराण्याची. ऐंशी वर्षांनी, २०१४ च्या अखेरीस, भाडेपट्टा संपला तेव्हा लोक शेवटच्या खेळाला हळहळत गेले. पण जागा पाडली गेली नाही; डागडुजी होऊन तीच 'किबे लक्ष्मी' या नावाने पुन्हा चालू झाली. नाव गेले, काम राहिले. याउलट त्याच पुण्यात मंडईजवळचे आर्यन पाहा. गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली उभारलेले हे पुण्यातले पहिले कायमचे चित्रगृह. ते १९८३ साली बंद झाले आणि आज त्या नावाने गाड्या उभ्या करण्याचा तळ आहे. तेथे नाव राहिले, काम गेले. दोहोंतून एकच निवडा म्हटले तर मी किबे लक्ष्मीच्या बाजूने कौल देईन. ज्या मॅजेस्टिकमध्ये हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला तेही राहिलेले नाही. त्या जागी दुकाने आहेत.

फ्रान्समध्ये ला सिओता नावाचे बंदराचे लहानसे गाव आहे. तेथील ईडन थिएटरात ल्युमिएर बंधूंची चित्रे अगदी आरंभीच्या काळात दाखविली गेली. तेही १९९५ मध्ये बंद पडले होते. गावाने धीर सोडला नाही, आणि २०१३ साली ते पुन्हा उघडले. ला सिओता हे काही पॅरिस नव्हे, हे अमरावती-अकोल्याच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

आणि ज्या गावांना कधी पक्के चित्रगृह मिळालेच नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी तंबू होता. महाराष्ट्रातल्या यात्रांतून फिरते सिनेमे ट्रकवर यंत्र लादून हिंडत. फिल्म गेली आणि संगणकाची तबकडी आली तेव्हा हे जुने यंत्रचालक कसे निरुपयोगी होऊ लागले याचे चित्रण 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या बोधपटात आहे. २०१६ साली कानच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या यंत्रचालकाची विद्या मोठी नाजूक होती. दोन यंत्रे शेजारी मांडलेली. एकाचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके, आणि त्या इशाऱ्यावर दुसरे यंत्र सुरू करावयाचे. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये. पूर्वीच्या यंत्रांत तर कार्बनच्या दोन कांड्या जाळून उजेड करीत, आणि त्या जळत जातील तसतशा पुढे सरकवीत राहावे लागे. डोळा लागला की पडदा काळवंडे, आणि खालून शिट्ट्यांचा वर्षाव! कोणा गावी असे यंत्र धूळ खात पडले असेल तर ते भंगारात घालू नका. ते चालविणारे हात अजून हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ते एकदा चालवून घ्या.

आता प्रश्न पैशाचा. २०२० च्या मार्चपासून साथीने दारे बंद झाली. मधले थोडे महिने सोडले तर महाराष्ट्रात चित्रगृहे २०२१ च्या २२ ऑक्टोबरला पुन्हा उघडली. एकपडदा चित्रगृहांपैकी अनेकांची कुलुपे त्यानंतर निघालीच नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर पाच टक्क्यांवर आला, हा थोडा दिलासा. पण कर उतरल्याने छप्पर गळावयाचे थांबत नाही. नुसत्या चित्रपटावर जुने टॉकीज तगेल या भ्रमात कोणी राहू नये. सकाळी शाळेचे संमेलन, दुपारी बोलपट, सायंकाळी नाटक वा कीर्तन, आणि वसंतात ही व्याख्यानमाला, असा रतीब घातला तर एखादे तगेल. नगरपालिकांनी नाट्यगृहासाठी नवी जागा शोधण्यापूर्वी गावातल्या बंद टॉकीजचे दार एकदा ठोठावून पाहावे, एवढे माझे मागणे आहे.

आणि दुरुस्तीस हात घालताना प्रथम झुंबर आणू नये. प्रथम छप्पर, मग विजेच्या तारा, मग स्त्रियांसाठी स्वच्छ मोरी, मग खुर्च्या. आपल्या आया-बहिणी टॉकीजला जाईनाशा झाल्या त्याला दूरदर्शन जितके कारण झाले तितकीच ती मोरीही झाली, असे मला वाटते. झुंबर शेवटी, पैसे उरले तर. स्वस्त तिकिटाच्या पुढच्या रांगा मात्र पहिल्याच दिवसापासून ठेवाव्यात. आणि त्या रांगांतल्या मंडळींनी शिट्टी वाजवली तर रखवालदाराने त्यांना हटकू नये.